बजबजच्या लाँचमधला वास

बाबा,

बजबजच्या लाँचचा विषय तुम्ही गेल्यावर आपल्या घरात कुणी काढला नाही. आईला तो नको असायचा, आणि मला आईसमोर नको असायचा. आता आईही गेली. तुम्ही गेलात त्या वयाच्या मी कितीतरी पुढे आले, आणि त्या वर्षाबद्दल ज्याच्याशी बोलावं असं कुणी उरलं नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे. उरलेल्यातलं बरंचसं घडत होतं तेव्हा तुम्ही तिथेच होतात, पण तुम्हाला ते कळत नव्हतं.

कलकत्त्यात बालीगंजच्या त्या घरात वरच्या मजल्यावर आपण आणि खाली हाडांचे डॉक्टर. आपण सगळेच त्यांना डॉक्टरबाबू म्हणायचो; ते तुम्हाला दादा, आईला बोउदी, म्हणजे वहिनी, आणि मला लेकीसारखं ‘मा’ म्हणायचे. लाँच त्यांच्या सासऱ्यांची. लढाईच्या आधी हौसेने बांधून घेतलेली, सागवानी, पोटात शेजारी शेजारी दोन पेट्रोलची इंजिनं. सासरे वारल्यावर ती बजबजला एका ज्यूट मिलच्या धक्क्यामागे, खाडीच्या चिखलात पडून होती. ‘दादा, एकदा नुसती बघा तरी,’ असं डॉक्टरबाबू म्हणाले. तुम्ही बघायला गेलात आणि संध्याकाळी कोपरापर्यंत काळे होऊन परत आलात. आई दारातच म्हणाली, ‘अहो, हे काय?’ तुम्ही म्हणालात, ‘दोन्ही जाम आहेत. पण मेलेली नाहीत.’ सरकारी खात्यात तुम्ही इंजिनियर होतात, पण तिथे तुमच्या हाताला फक्त फायली लागायच्या. त्या रात्री जेवताना तुम्ही गुणगुणत होतात. पुण्याहून बदली झाल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

माझं कॉलेज तेव्हा चालू कमी आणि बंद जास्त असायचं. भिंतींवर घोषणा, मधूनच मागच्या गल्लीत बॉम्बचा आवाज, परीक्षा पुढे ढकललेली, मग आणखी पुढे. दिवस मावळायच्या आत घरी या, एवढंच आई सगळ्यांना सांगायची. मी दिवसभर खिडकीशी बसून राहते हे बघून तिनेच तुम्हाला सांगितलं, ‘हिला घेऊन जात जा. इथे बसून ही वेडी होईल.’ मग रविवारी आपण दोघं बालीगंज स्टेशनवरून बजबजची लोकल पकडू लागलो. तुमच्या पिशवीत नट खोलायचे पाने आणि पुसायला जुनी धोतरं, माझ्याकडे जेवणाचा डबा.

अजून ती जागा मला दिसते. तुम्ही फळ्या उचलून खाली उतरला आहात आणि मी कडेला गुडघ्यावर बसून तुम्ही मागाल ते देते आहे. सिलिंडरमध्ये तुम्ही रॉकेल आणि तेल मिसळून ओतता, आणि म्हणता, ‘आता घाई करायची नाही. गंजाला वेळ द्यायचा.’ पुढच्या रविवारी पुन्हा ओतता. कितीतरी आठवड्यांनी पान्याला जरा हिसका देता आणि आतून काहीतरी सरकल्यासारखा आवाज येतो. तुम्ही वर माझ्याकडे बघता. कार्बोरेटर आपण घरी आणले. आईने कणीक मळायच्या परातीत ते ठेवू दिले, आणि ती परात पुन्हा कणकेला घेतली नाही. तळाशी सुकून मधासारखं चिकट झालेलं जुनं पेट्रोल मी मऊ ब्रशने काढायची, बारीक भोकं फुंकर मारून उजेडात धरायची. माझे हात बारीक, म्हणून इंजिनामागचे नट माझ्याकडे. आयुष्यात मला कुणी इतकं उपयोगाचं मानलं नव्हतं.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र तुम्ही कडक होतात. टाकीच्या भोकांना कथलाचा डाग देण्याआधी ती पाण्याने काठोकाठ भरून घेतलीत. ‘भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. पेट्रोल जळतं, पण स्फोट होतो तो त्याच्या वाफेचा. आणि ती वर जात नाही, खाली बसते. बोटीचं पोट म्हणजे वाटीच. तिथे साठते आणि वाट बघते.’ म्हणून इंजिन चालू करण्याआधी सगळ्या फळ्या उघडायच्या, थांबायचं, खाली वाकून वास घ्यायचा, आणि मगच बटणाला हात. टाकीपासून इंजिनांपर्यंत तांब्याची नवी नळी तुम्ही स्वतः घातलीत. तिचं तोंड फुलवून नटात बसवायला मला शिकवलंत. ‘तांबं पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होतं आणि एक दिवस तडकतं. हात लावलास की तापवून मऊ करून घे.’ हे तुम्हीच सांगितलं होतंत, बाबा.

पावसाळा संपता संपता उजवं इंजिन सुरू झालं. डावं धरायचं, खोकायचं आणि बंद पडायचं. त्याच दिवशी तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, ‘पेट्रोलचा वास येतोय.’

बजबजमध्ये याचं नवल कुणाला वाटणार? नदीकाठाने सगळे तेलाचे डेपो. वारा तिकडून आला की स्टेशनवर उतरताच घशाला लागायचं. मी म्हटलं, ‘डेपोचा असेल.’ तुम्ही मान हलवलीत. ‘हा जवळचा आहे.’ आपण नळीत सायकलच्या पंपाने हवा भरली आणि जोडाजोडावर साबणाचा फेस लावला. कुठे गळत असेल तर बुडबुडा यायला हवा. मी प्रत्येक नटापाशी नाक नेऊन बघितलं. बुडबुडा नाही. वास नाही. तरीही तुम्ही सगळी नळी सोडवलीत, तोंडं पुन्हा फुलवलीत, पुन्हा बसवलीत. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. डावं इंजिन तसंच राहिलं. उघडा आणि बसवा, एवढंच आपण करत होतो. नळी तापवायचं तुम्ही कधीच सोडून दिलं होतंत. मी एकदा आठवण केली. तुम्ही म्हणालात, ‘वेळ नाही.’ मला चमत्कारिक वाटलं. आपल्याला घाई करायचं कारण काय होतं?

मग एका संध्याकाळी घरी आई आमटीला फोडणी देत होती. तुम्ही बाहेरच्या खोलीतून धावत आलात, स्टोव्ह विझवलात आणि कढई मोरीत ढकललीत. ‘नाकं आहेत की नाही तुम्हाला? घरभर पेट्रोल आहे!’

आई हात पुसत उभी राहिली. ‘अहो, हिंग आहे तो.’

तुम्ही तिच्याकडे बघत होतात, पण ती तुम्हाला दिसत होती असं मला वाटलं नाही. थोड्या वेळाने तुम्ही शांत झालात आणि विचारलंत, ‘कढई मोरीत कशी?’ आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘माझ्या हातून निसटली.’

त्यानंतर घरात सगळे हलक्या पावलांनी वावरू लागले. तुम्ही कुणावर आवाज चढवणारे नव्हतात, आता रोज चढायचा. लोकलमध्ये तुम्ही पाने विसरून आलात. बाहेर जाताना बटणं उलटसुलट लावायला लागलात. जेवणाला चव नाही म्हणून ताटात मीठ ओतून घ्यायचात. आईला वाटलं ऑफिसचा त्रास, मला वाटलं कलकत्ताच बाधतंय. त्या दिवसांत सगळेच बिथरलेले होते. रात्री मला जाग आली की तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर वाकलेले दिसायचात, वास घेत. मी हाक मारत नसे. भीती वाटायची, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं.

थंडी सुरू झाल्यावर ते अचानक थांबलं. एके दिवशी तुम्ही म्हणालात, ‘गेला वास. मूळच सापडलं मला.’ चेहरा मोकळा झाला होता. डॉक्टरबाबूंना इतका आनंद झाला की त्यांनी येत्या रविवारी सगळ्यांनाच न्यायचं ठरवलं. उजव्या एकाच इंजिनावर, काठाकाठाने थोडं खाली जाऊन परत यायचं.

सकाळची वेळ. खाडीत पाणी भरलेलं आहे आणि लाँच पहिल्यांदाच चिखलातून उचलली गेली आहे. डॉक्टरबाबूंच्या पत्नी वडिलांच्या आठवणीने डोळे पुसत मागच्या बाकावर बसल्या आहेत, आई त्यांच्याजवळ डबा मांडीवर घेऊन. डॉक्टरबाबूंच्या ओठात न पेटवलेली सिगारेट. तुम्ही फळ्या न उघडता थेट बटणाकडे जाता.

‘बाबा, फळ्या.’

‘सगळं बघून झालंय.’

तेवढ्यात मला वास आला. वारा नदीवरून येत होता, डेपोंकडून नाही. वास पायाखालून येत होता, गोडसर आणि दाट. मी म्हटलं, ‘बाबा, पेट्रोल.’

तुम्ही हसलात. ‘आता तू सुरू झालीस?’

‘खरंच येतोय. थांबा.’

‘काही नाहीये. हो बाजूला.’

मी बटणावर तळहात ठेवला. तुम्ही माझं मनगट धरलंत, इतकं घट्ट की हाड दुखलं. तुमचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता आणि अनोळखी होता. ‘ही इंजिनं मी उभी केली. मला शिकवतेस? नाक कुणाचं, तुझं की माझं?’ आई उठून उभी राहिली. मी हात काढला नाही. एवढं कळत होतं की हात काढला तर आपण सगळे संपलो.

डॉक्टरबाबूंनी तोंडातली सिगारेट खिशात टाकली. ‘दादा, एक मिनिट. ती म्हणते तर बघू या.’ त्यांनी स्वतः वाकून मधली फळी उचलली. खालच्या पाण्यावर पेट्रोलचे रंग पसरले होते. नटाजवळ, वाकवून वाकवून कडक झालेल्या तांब्याला बारीक चीर गेली होती आणि तिथून ते ठिबकत होतं. जी गळती नव्हती ती शोधता शोधता आपणच ती तयार केली होती.

 डॉक्टरबाबूंनी रुमाल त्या पाण्यात बुडवला, तुमच्या नाकापाशी धरला आणि मऊ आवाजात विचारलं, ‘दादा, कसला वास येतो?’

तुम्ही श्वास घेतलात. त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलंत. ‘कसला म्हणजे? पाण्याचा.’

तुमचा हात अजून माझ्या मनगटावर होता. तो हळूहळू सुटला. डॉक्टरबाबू मला म्हणाले, ‘मा, तू सगळ्यांना धक्क्यावर ने.’ त्यांचा आवाज बदलला होता.

त्याच आठवड्यात त्यांनी तुम्हाला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. कपाळाच्या मागे गाठ होती. आधी तिने नसलेला वास दाखवला, मग खरा वास मारून टाकला, असं त्यांनी आईला सांगितलं. डॉक्टरबाबू आपल्या जिन्यात बसून राहिले. ‘मी डॉक्टर आहे, बोउदी. रोज दादांबरोबर चहा घेत होतो,’ एवढंच ते आईला पुन्हा पुन्हा म्हणाले. त्यांच्यावर आईने कधी राग धरला नाही. पण त्यांनी स्वतःला सोडलं नाही. जिन्यात भेटले की नजर खाली घालून जायचे.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते. तुमचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतरच्या दिवसांत डॉक्टरबाबूंनी लाँच मोडीत काढायचं ठरवलं. मी त्यांना म्हटलं, मला एक दिवस द्या. ते काही न विचारता बरोबर आले. मी फुटलेली नळी काढून टाकली, नवी तापवून मऊ केली, तोंडं फुलवली, बसवली. डाव्या इंजिनाचा कार्बोरेटर उघडला तर तरंगणाऱ्या पितळी डब्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यात पेट्रोल शिरून तो बुडायचा. नळीच्या नादात तिकडे आपण पुन्हा बघितलंच नव्हतं. मी डाग देऊन ते बुजवलं. फळ्या उघडल्या, थांबले, वाकून वास घेतला. मग बटण दाबलं. आधी उजवं, मग डावं. दोन्ही चालली, बाबा. खोकली नाहीत, थांबली नाहीत. धक्क्यावर डॉक्टरबाबू पाठ फिरवून उभे राहिले.

संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये आले. तुमच्या डोक्याला पट्ट्या होत्या. बोलायला तुम्हाला शब्द सापडत नव्हते, पण त्या दिवशी एक वाक्य नीट आलं. ‘लाँच?’ आणि मग, ‘मी येईपर्यंत हात लावू नका.’ मी म्हटलं, ‘नाही लावत.’ तुम्ही डोळे मिटलेत. चेहऱ्यावर समाधान होतं. थंडी संपायच्या आत तुम्ही गेलात. लाँच त्याआधीच मोडीत गेली होती.

आईने कलकत्ता सोडलं नाही, मीही नाही. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत माझी नोकरी संपली. तुम्ही चिडून माझं मनगट धरलंत त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ते तुम्ही नव्हतात, हे मला त्याच आठवड्यात कळलं. हे पत्र टाकायला पत्ता नाही ते बरंच आहे. असता तर मी इथेच थांबले असते. कारण मला जे सांगायचं होतं ते एवढंच आहे, की बजबजला ती दोन्ही इंजिनं एकत्र चालू होती तेवढा वेळ मी फार आनंदात होते, आणि तेवढ्या वेळात मला तुमची आठवण एकदाही आली नाही.