तुमच्या सवडीने

१२ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

दंडवत. आता तू मोठ्या लोकांत बसतेस, नुसत्या नमस्काराने कसं भागणार?

इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा एकदाचा बदलला. तुझी भाची सायकल शिकली आणि दोन्ही गुडघे फोडून घेतले. चौकात तुमच्या फोनसेवेचं भलंमोठं पोस्टर लागलंय: 'रुग्णालयाला फोन करा, आता रांग नाही.' शेजारी हसणारी आजी. रोज कामावर जाताना मला तीच दिसते.

बायको म्हणते, आधी ताईंचं अभिनंदन करा. केलं समज. पूर्वी फोन उचलणाऱ्या बाई वसकन अंगावर यायच्या. तुझं यंत्र किती गोड बोलतं! ऐकून घेतं, चार प्रश्न विचारतं आणि ठरवतं, कोणाकडे लगेच गाडी धाडायची आणि कोणाला उद्यावर ढकलायचं. "यंत्र दुसरे बनवतात, पण आजारी माणूस त्याच्यापुढे आला की काय काय व्हायचं, ते मी आखते," असं तू मागच्या खेपेला जेवताना सांगितलंस. अण्णा घास हातात धरून ऐकत होते.

तेव्हाच तू तुझा नियम सांगितलास. माणूस स्वतःबद्दल जे सांगेल ते यंत्राने खरं मानायचं, शंका घेणं म्हणजे त्याचा अपमान. मी विचारलं, "आणि कोणी दुखणं लपवलं तर?"

"त्यासाठी नर्स ठेवली होती ना. म्हाताऱ्यांचा प्रत्येक फोन ती पुन्हा ऐकायची. पण फार वेळ जायचा रे. मीच काढली."

अण्णा म्हणाले, "बरोबर आहे. लाइन अडवून धरू नये."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला त्यांचा. लाइनवर आवाज चढवायचा नाही, आधी समोरच्याची विचारपूस करायची आणि आपलं काम कधीच घाईचं नसतं. शिडीवरून पडले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईला काय म्हणाले होते, आठवतं? "सवडीने जरा बाहेर येतेस?" हात मोडून लोंबत होता. आपल्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, अण्णा 'सवडीने' म्हणाले की धावत सुटायचं.

यंत्राला ते ठाऊक नव्हतं. तुला होतं. गावोगावच्या म्हाताऱ्यांना भेटून त्यांचं बोलणं टिपत फिरलीस, आणि दिव्याखाली अंधार.

अण्णांनी तुमच्या सेवेला केलेला तो फोन मी ऐकलाय. ती नर्स अजून तिथेच आहे, दुसऱ्या कामावर. तिने रेकॉर्डिंग ऐकवलं, मलाही दिलं. त्या दिवशी मी कामावर होतो, बायको पोरीला आणायला गेली होती, घरी अण्णा एकटेच. अण्णा आधी विचारतात, "कशा आहात? जेवण झालं?" मग म्हणतात, "छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय. पण घाई नाही हं, तुमच्या सवडीने."

यंत्र म्हणतं, "समजलं. तातडीचं नाही, अशी नोंद केली आहे. उद्या दुपारी आपल्याला फोन येईल."

"फार छान. आमच्या मुलीनेच केलंय हे सगळं," असं म्हणून, आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. अगदी वेळेवर. मी उचलला. "आता कसं वाटतंय?" असं विचारलं त्याने. अण्णा रात्रीच गेले होते.

त्यानंतरच्या दोन्ही रविवारी तू फोन केलास. मी म्हणालो, "अण्णा झोपलेत." तू म्हणालीस, "बरं, उठवू नकोस." विश्वास ठेवलास. तुझा नियमच तो. तुझ्यावाचून सगळं उरकलं. कोणी विचारलं की सांगायचो, तिला वेळ नाही. असं केलं तर मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलंही. खोटं कशाला बोलू?

पुढच्या महिन्यात ही सेवा आणखी शहरांत सुरू होणार म्हणे. त्याआधी त्या नर्सला परत बसव. नाही बसवलीस, तर उद्घाटनाला मी येईन आणि भरल्या सभेत ते रेकॉर्डिंग लावीन. 'आमच्या मुलीनेच केलंय' हे अण्णांच्याच तोंडून ऐकू दे सगळ्यांना.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण साधं पत्र टाकतोय, पोचेल तेव्हा पोचेल. अण्णांची खोली झाडून ठेवली आहे.

सवडीने ये.

तुझा,
धाकटा