डोंगरातला खर्ज

मंगळवार, ४ फेब्रुवारी १९३०
पुन्हा टोपली! बाबा आणि गावातले अकरा जण डोंगरातल्या गुहेत लपलेत. आमच्या बेटावर आमचं राज्य आम्हीच करू म्हणाले, जांभळ्या लुंग्या नेसून मिरवणुकीत गेले, आणि गोऱ्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. आता एक दिवसाआड त्यांचं जेवण वर न्यायचं मी. पंधरा वर्षांच्या पोरीवर कोण संशय घेणार! शिवाय शिपाई गावात आले, की पळत वर जाऊन सांगायचं तेही मीच. मी गेले नाही, म्हणजे सगळं ठीक.
आई म्हणते, "तोंडाला कुलूप, लोसा! सेलूलासुद्धा कळता कामा नये."
सेलू म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण.

६ फेब्रुवारी
क्रिकेटचा सराव परत चुकला. सेलू सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझं डोकं एक दिवसाआड दुखतं का गं?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. चीड आली होती.
वर बाबांनी टोपलीत डोकावून विचारलं, "नुसतीच अळकुडी? डुक्कर नाही?" बास. एवढंच कौतुक!

९ फेब्रुवारी
संध्याकाळचा शंख वाजला, घराघरांत प्रार्थना. गाणं अगदी लंगडं, कारण खर्ज लावणारे पुरुष सगळे वर डोंगरात. बाबा म्हणतात, खालचं गाणं वर स्पष्ट ऐकू येतं. शिपाई नसले की तेही हळूच साथ देतात. प्रार्थनेला गप्प बसणं त्यांना जमतच नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी
शेजारच्या गावाशी सामना होता. टोपलीचा दिवस नव्हता. मी खेळले!
बावीस धावांवर होते तेव्हा सात शिपाई आले आणि नीरफणसाखाली बसले. सेलूने त्यांच्या नायकाला शहाळं दिलं. दारी आलेल्याला आपण देतोच. मला तेव्हाच निघायला हवं होतं. वाटलं, आणखी एक षटक. मग वाटलं, जातीलच आता.
गेले नाहीत. शंख वाजला. आम्ही गायला लागलो, आणि तिसऱ्या ओळीला डोंगरातून खर्ज लागला. बारा गळे! आई एकदम जोरात गायला लागली, मग सगळ्याच बायका गळा फाडून. नायकाने हात वर केला. गावभर चिडीचूप झालं.
वर मात्र कडवं पूर्ण होईपर्यंत गात होते.

१६ फेब्रुवारी
बाराही जणांना दोरीने बांधून नेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गावच्या म्हाताऱ्या पंचांनी विचारलं, "वर गेली होतीस ना?" म्हटलं, निघाले होते, पण वाटेत शिपाई होते. त्यांना लगेच पटलं! मग कुणीतरी म्हणालं, "शहाळं कोणी दिलं? नायकाशी हसत कोण बोलत होतं?"
मी खाली बघत राहिले. हलकट आहे मी.

१८ फेब्रुवारी
पंचांनी सेलूला खबरी ठरवून तिच्या घरच्यांना गावाबाहेर काढलं. हा निरोप पोचवायला विश्वासाचं माणूस हवं, म्हणून मला पाठवलं. मी गेले आणि दिला.