उरलेली दहा मिनिटं

३ मार्च, सोमवार
शनिवारी हिच्या घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. डॉक्टर असा बोलला, जणू नळाचा वायसर बदलायचाय!
तिचा आवाज भरून ठेवू म्हटलं, तर आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर दहाच मिनिटांची जागा उरलेली. ही म्हणते, "चाळीस वर्षं फुकट मिळत होता, तेव्हा ऐकला नाहीत. आता साठवून काय करणार?"

४ मार्च
पाचशे जीबीची डिस्क आणली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, महिनाभर अखंड बोललं तरी भरणार नाही." हिच्याकडे बघून मला शंकाच आली.
डिस्क जोडली — मशीन ठप्प! काढली, चालू. परत लावली, परत ठप्प. माझ्यासारख्या सातवी नापास घड्याळजीने घड्याळंच दुरुस्त करावीत. बीपीची गोळी दोनदा घेतली की घेतलीच नाही, आठवत नाही.

५ मार्च
लेकीने उलगडा केला. हे मशीन बनलं तेव्हा एवढ्या मोठ्या डिस्का नव्हत्याच. बिचारं मोजता मोजता बेशुद्ध पडतं. उपाय काय, तर सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर चक्क खोटं सांगायचं — नव्या डिस्कच्या जागी 'काही नाही'. मशीन निवांत जुन्या डिस्कवरून उठतं. मग आतली लिनक्स सिस्टीम मशीनचं ऐकतच नाही, थेट डिस्कलाच विचारते: बाई, तू केवढी?
केलं. पाचशे दिसले! सिस्टीम फुकटातली, पण अक्कल आमच्या जावयापेक्षा जास्त.
ही मागे उभी राहून सगळं बघत होती. हे बटण कशाचं, ते कशाचं. म्हटलं, "तुला काय करायचंय?"

६ मार्च
माइक टेबलावर, रेकॉर्डिंग सकाळपासून चालू. एवढी जागा आहे, बंद कशाला करा! दर पाच मिनिटांनी तपासतोय.

७ मार्च
आजही दिवसभर चालू. मी म्हटलं, "बोल ना काहीतरी!" ही म्हणाली, "फट सापडली की बोलते."

८ मार्च
आत नेलं. जाता जाता म्हणाली, "गॅस बंद केलात ना?"

११ मार्च
ही बरी आहे. पाटीवर लिहून बोलते. हुकूम तेच, फक्त आता शुद्धलेखनाच्या चुकांसकट.
घरी येऊन दोन्ही दिवसांचं ऐकायला बसलो. "चालू आहे ना हे?" "तार सैल नाही ना?" "अगं, बोल ना!" — सगळा मीच! माइक माझ्याच तोंडासमोर. लांबून कुठेतरी ती, "अहो, मी —" आणि लगेच पुन्हा मी. स्वरयंत्र माझं काढायला हवं होतं.

१२ मार्च
जुनी डिस्क म्हणते, जागा शिल्लक नाही. ती दहा मिनिटं मी भरलेली नाहीत.
फाइल शुक्रवार सकाळची. रेकॉर्डिंग लावण्याआधी मी दूध आणायला गेलो होतो तेव्हाची.
"अहो, आता तरी गप्प बसा. मी बोलतेय."