रविवारचे पाच प्रश्न

रविवार, ४ तारीख

छोटीने आज फोनवर पाचही उत्तरं बरोबर दिली. अडीच वर्षांची पोर! नाव काय? सांगितलं. जेवलीस का? हो. मनी कशी ओरडते? म्याऊ. आजीला कोण त्रास देतं? मीच. बाबा कोणाचा? माझा.

खोलीतल्या सगळ्यांना ऐकवलं. मुकादमाने अजून दोन वर्षं इथेच राहून काम करायचा कागद दिलाय, सही २५ पर्यंत हवी. पोर मला ओळखते, मग काय अडलंय?

मंगळवार, ६

दिवसभर फरशी. गुडघे गेले.

रविवार, ११

कसली दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. गंमत म्हणून आज प्रश्न उलटे विचारले.

बाबा कोणाचा? तिने नाव सांगितलं.
आजीला कोण त्रास देतं? "हो."
मनी कशी ओरडते? "म्याऊ." म्हटलं चला, एक तरी.
जेवलीस का? "मीच."
नाव काय? "माझा."

मी हसलो. बायको हसली नाही. म्हणाली, "आई शनिवारभर घोकून घेतात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

म्हणजे इतके महिने मी काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं.

बुधवार, १४

तीन दिवस कामात लक्ष नाही. एक फरशी तिरकी बसली, उखडावी लागली. आमच्या खोलीवरच्या आचारीमामांना सगळं सांगितलं. चार पोरं वाढवलेला माणूस. कांदा चिरता चिरता म्हणाले, "मनी कशी ओरडते ते तुला ठाऊक नाही होय रे? मग विचारतोस कशाला? मास्तर आहेस का तिचा? तुला ठाऊक नाही ते विचार."

चौथीत शाळा सोडली, आता मास्तर झालो.

रविवार, १८

विचारलं, झोप झाली का? पलीकडे शांत. वाटलं लाइन गेली. बायको म्हणाली, "मान हलवतेय. तुम्हाला दिसतं असं वाटतं तिला."

मग विचारलं, हातात काय आहे? बराच वेळ गेला.

"झाकण."

कशाचं?

"डब्याचं."

डबा कुठाय?

फोन ठेवून गेली की! पावलं ऐकू येत होती. स्वयंपाकघर, परत बाहेर, काहीतरी पडलं, आई ओरडली. मी फोन कानाला लावून बसलो. परत आली आणि धापा टाकत म्हणाली, "नाही सापडला."

माझ्यासाठी शोधायला गेली होती. आज जेवण दुप्पट गेलं.

गुरुवार, २२

मुकादम म्हणाला, "काय रे, शहाण्या, ठरलं का? दोन वर्षं म्हणजे काय, डोळे मिटून उघडशील."

खरं आहे. आता फोनवर जमतंय आमचं. हो म्हटलं. रविवारी संध्याकाळी सही.

रविवार, २५

मी काही विचारायच्या आतच तिने विचारलं. पहिल्यांदाच.

"बाबा, तू कोणाच्या घरी राहतोस?"

कोणी शिकवलेलं नव्हतं. छोटी उत्तराची वाट बघत होती, श्वास ऐकू येत होता.

सही न करताच कागद परत देऊन आलो.