मोरपंखी मायलेक

रविवार संध्याकाळ, बालाजी घाट

पुण्याची मंडळी आमच्या मुक्ताला बघून गेली. मुलाचा कुर्ता मोरपंखी, आईची साडीही मोरपंखी! मुक्ता म्हणाली, "आरामात बसा, मी चाय आणते," तर बाईंच्या कपाळाला आठ्या. निघताना म्हणतात, "मुलगी स्वीट आहे हो, पण लँग्वेज क्लॅश होतेय. लाइफस्टाइल मॅच नाही, दोघं कम्पॅटिबल वाटत नाहीत."

यात मराठी कितीसं होतं? चार पिढ्या काशीत काढल्यावर आमच्या तोंडी एक 'चाय' आली, तर भाषा बाटली! आणि तो मठ्ठ मुलगा आईच्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होता, मोरपंखी कुर्त्यात.

कपबश्या विसळताना मुक्ताच म्हणाली, "आई, त्या दोघांच्या मधे मी उभी तरी कुठे राहणार होते?"