माझा जीनियस आणि घरची माणसं

४ मार्च, गिरगाव
वाचनालयातल्या जाड डिक्शनरीत ‘जीनियस’ पाहिला. मूळ लॅटिन. रोमन लोक मानत, प्रत्येक पुरुषाबरोबर एक देवता जन्मते, मरेपर्यंत सोबत करते, ती जीनियस. अंगावर काटा आला. माझ्यात काहीतरी आहे हे ऑफिसात हेडक्लार्कलाही जाणवतं. म्हणूनच महत्त्वाचं काम माझ्याकडे देत नाही. घाबरतो.
संकल्प: येत्या रविवारी वाचनालयात व्याख्यान. चिटणीस तात्या म्हणाले, संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, माणसं येतील का? म्हटलं, तुम्ही खुर्च्या मांडा.

६ मार्च
शब्दाचा धातू ‘जन्म देणे’. बायकोला, कालिंदीला, वाचून दाखवलं. तिनं विचारलं, मग बायकांचं काय? म्हटलं, बायकांना जीनियस नसे, जूनो नावाची दुसरी कोणी असे. ती भाजी चिरू लागली. विषय तिच्या आवाक्याबाहेरचा.

७ मार्च
अप्पांचा खोकला. विचार तुटतो. त्यांचं अंथरूण गॅलरीत घातलं. मुलासाठी वडील एवढं करतीलच. कालिंदीनं त्यांना स्वतःची चादर दिली. नाटकं!

८ मार्च
कालिंदीला शाळेत शिवणाचा वर्ग घ्यायला बोलावणं आलं. परस्पर नको म्हणून कळवलं. मला वेळेवर चहा कोण देणार? तिला उद्या सांगेन.

९ मार्च
सांगितलं. काही बोलली नाही. दिवसभर नाही. अशी शांतता हवी! पानंच्या पानं लिहिली.
संध्याकाळी ती शेजारी मीराबाईंकडे. बायकांची कुजबूज: सत्याग्रह, फाउंटन, आपली तुकडी. भिंत बडवून ओरडलो, गप्प बसा.

११ मार्च, दुपार
कालिंदी सकाळपासून घरात नाही. श्रोते गोळा करत असणार. आतून अभिमान आहे तिला.

संध्याकाळ
श्रोते: अप्पा आणि तात्या. बाकी चाळ फाउंटनवर. तरी सुरू केलं. पुढे सोबतीची देवता मागे पडली आणि माणूसच जीनियस झाला, इथं टाळ्यांसाठी थांबलो. अप्पांनी विचारलं, बाटलीतला जिन तो हाच का रे? तो अरबी, संबंध नाही, म्हणून खडसावलं. तात्या किल्ल्या वाजवत होते. शेवटी म्हणाले, शरच्चंद्र, तुमच्या मिसेसना पोलिसांनी धरून नेलं. तुम्हाला ठाऊक नाही?
व्याख्यान पूर्ण केलं.

१३ मार्च
तुरुंगात भेट. पुन्हा असं करणार नाही असं लिहून दिलं तर सोडतात. कागद, पेन, सगळं घेऊन गेलो. म्हटलं, सही कर, व्याख्यान परत ठेवतोय. हसली. लग्नानंतर इतकी कधी हसली नव्हती. म्हणाली, इथं मला झोप लागते हो. तुम्ही या आता.
जेलची हवा डोक्यात गेली आहे. दोन दिवसांत उतरेल.

१४ मार्च
अप्पा दादरला ताईकडे निघाले. परत कधी, विचारलं. म्हणाले, कालिंदी सुटली की तिलाही तिकडेच नेणार आहोत. तिचं आमचं ठरलंय.
खोकला नाही, भांड्यांचा आवाज नाही. आता मोठा ग्रंथच लिहायला हरकत नाही.
सकाळपासून बसलो आहे. काही सुचत नाही.