घर नर्सबाईला, टॉर्क्विलला नाही

मी मर्डिना मॅकआस्किल, कैलासवासी नव्हे, अजून हयात. फिनलेची विधवा, वय एकोणऐंशी, राहणार सॉलेरी बेट, हेब्रिडीज द्वीपसमूह, माझ्या पश्चात काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. दडपण भाऊ टॉर्क्विलने आणून पाहिले, जमले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम एक. खाडीवरचे माझे राहते घर आरोग्य मंडळाला देत आहे. अट अशी की त्यात बेटावरच्या दवाखान्याची, दम्याचे रुग्ण पाहणारी नर्स राहील. मंडळाने ते विकू नये, पर्यटकांना भाड्याने देऊ नये. नर्सची जागाच बंद केली, तर घर बेटाच्या ग्रामसमितीकडे जावे.

याचे कारण असे. फिनलेला लहानपणापासून दमा. धाप लागली की खिशातला निळा पंप ओढायचा आणि निघायचा मेंढरांमागे. रोज घ्यायचा दुसरा पंप फळीवर पडून असे. बरे वाटत असताना औषध कशाला, अशी त्याची समजूत. नर्स मुख्य भूमीवरून बोटीने येई, आणि हिवाळ्यात बोटीचा भरवसा नसे. एका जानेवारीत त्याला जोराची धाप लागली, आणि वादळामुळे हेलिकॉप्टरही उतरेना. टेबलावर दोन्ही हात टेकून तो श्वास शोधत राहिला. मी पाठ चोळत होते. माझ्या हाताखालीच ती पाठ हलायची थांबली.

त्यानंतर मी मंडळाच्या प्रत्येक बैठकीला जाऊन बसू लागले. अध्यक्ष म्हणाले, "मर्डिनाबाई, एवढ्याशा बेटाला स्वतंत्र नर्स कशी परवडणार?"

मी म्हटले, "साहेब, एवढ्याशा बेटाला विधवा बऱ्या परवडतात!"

पुढे नर्स म्हणून शिनेड आली. तिने पोरांना पंप नीट ओढायला शिकवले, म्हाताऱ्यांना रोजच्या औषधाची सवय लावली, घराघरांतली बुरशी खरवडून घेतली. पण तिला राहायला घर मिळेना. होती ती सगळी पर्यटकांची. जुन्या कॅरव्हॅनमध्ये राहिली. वाऱ्याने तीही उलटली, तेव्हा बॅग घेऊन धक्क्यावर आली. म्हणाली, "काकू, पाय निघत नाही हो, पण डोक्यावर छप्पर नको का?"

मी बॅग उचलली आणि तिला माझ्या माडीवर आणले. ती अजून तिथेच आहे. तेव्हापासून या बेटावर दम्याने कोणी गेले नाही.

कलम दोन. टॉर्क्विल म्हणतो, "अगं, सख्खा भाऊ सोडून परकीला घर? पर्यटक ठेवले तर सोनं पिकेल सोनं!" त्याला फिनलेची होडी देत आहे. तळाला भोक आहे. त्याने बुजवावे.

कलम तीन. हातमाग शेजारच्या इशबेलला. विणताना खिडकी उघडी ठेवावी. तिलाही धाप लागते.

कलम चार. बँकेतली शिल्लक या घराला ऊब देण्यासाठी आणि ते कोरडे ठेवण्यासाठी. ओल दिसल्यास आधी छत पाहावे, मग रंग.

कलम पाच. फिनलेच्या दफनाच्या वेळी पाद्रीबाबा म्हणाले, "देवाची इच्छा." माझ्याविषयी त्यांनी खुशाल तसे म्हणावे, माझे वय झाले आहे. फिनलेचे नाव निघाले, तर मात्र खरे सांगावे: औषध घरात होते, समजावून सांगणारे माणूस नव्हते.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करते.

मर्डिना मॅकआस्किल

आमच्यासमक्ष सही केली:
डॉलिना मॉरिसन, पोस्टमास्तर
हेक्टर जॉन मॅकलिन, धक्क्यावरचा

सॉलेरी, ९ नोव्हेंबर २०२३